शेवटच्या ओळीत गोदीचं नाव हाय

ओ, हिकडं बघा की! ही काळी, चौकोनी, तळहातात मावणारी, पत्र्याचं झाकण असलेली. फ्लॉपी म्हणत्यात मला. हसू नका, मीच बोलायलेय.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत न्हाई. डोळे उघडले ते शिरूर कासारला, अमरनाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमधी. दोन हजार साल नुकतंच उलटलं व्हतं. जो येईल तो मला हातात घेऊन झाकण सरकवायचा. खट्ट, खट्ट. बँकेतला साहेब असो का बारकं पोरगं, खट्ट केल्याबिगर कुणालाच राहवायचं न्हाई.

मी बी कमी वात्रट न्हवते. आत घातलं की उगंच कर्र कर्र करायचे. सर घाबरून म्हणायचे, "गेली वाटतं बे ही!" मग बाहेर काढून फुंकर मारायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. लोकांना हसवायचं, दमवायचं, एवढंच माझं काम, असं वाटायचं मला.

मग विजयमाला बाईंनी मला इकत नेलं. त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर आलता, पण त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घालून ठिवलं व्हतं. दसऱ्याला हळदकुंकू, बाकी वरीसभर आराम. बाई म्हणल्या, "ह्याच्यावर शिकवायचं. धडा पोरांनीच लिहायचा आन पडद्यावर सगळ्यांनी वाचायचा."

पहिला धडा सहावीतल्या गोदावरीचा. सगळे तिला गोदी म्हणायचे. शाळेत टायपिंग कुणालाच येत न्हवतं, म्हणून बाई तिला शनवारी सरांच्या क्लासला घेऊन आल्या. गोदीनं एका बोटानं, जीभ बाहेर काढून, 'आमची सिंदफणा' लिहिलं. नदीचं पाणी, वाळू, वाळूत हरवलेली चप्पल, सगळं. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव. ते सगळं माझ्या पोटात गेलं.

गोदीचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकमधी बसायचं, ते उन्हाळ्यातच परत. औंदा गोदीला बी न्यायचं ठरलं व्हतं, बारक्या भावाला सांभाळायला. बाई त्यांच्या घरी गेल्या, तवा मी पर्समधीच व्हते.

तिचा बाप धुळाजी. त्याला वाचता येत न्हवतं, पण गोदीनं भुईवर काडीनं गिरवून गिरवून त्याला तिचं नाव वळखायला शिकवलं व्हतं. तो म्हणला, "बाई, तुमच्या त्या टीव्हीत माझ्या पोरीचं नाव दिसलं ना, तर ठिवतो तिला हितंच गावात, माझ्या बहिणीपाशी, छबुआत्यापाशी. बोली झाली."

आई भिवराबाई चुलीपासून म्हणली, "आन बारक्याला कोण बघंल? तो टीव्ही?"

धुळाजी हसला, पण त्यानं बोली मोडली न्हाई.

दुसऱ्या दिशी वर्गात ही गर्दी. धुळाजी धुतलेलं धोतर नेसून आलता. बाईंनी मला आत घातलं. त्या दिशी मी ठरवलं व्हतं, आज चाळा न्हाई करायचा. खरंच न्हाई केला. पोटातलं अक्षर न् अक्षर काढून दिलं.

पडदा उजळला आन सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

मराठीचा पत्ताच न्हाई! डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, मधीच पाव न् अर्ध्याचे आकडे.

मागून सरपंचाचा गहिनीनाथ वरडला, "बाई, सिंदफणा लंडनला गेली का काय?"

वर्ग फुटला. पोरं बाकावरून पडली. गोदीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

धुळाजी एकटा हसला न्हाई. पुढं आला, शेवटच्या ओळीवर बोट ठिवून सावकाश फिरवायला लागला.

"गो कुठाय, गोदे?"

"तिथंच हाय, बापू."

"काना न्हाई, मात्रा न्हाई." त्यानं बोट काढलं. "मग मीच चुकीचं शिकलो का काय?"

आन मला वाटलं, आत्ताच्या आत्ता माझ्यावर कुणीतरी पाय द्यावा.

बाई एसटीडीवर पळाल्या, सरांना फोन केला. मी मुठीतच व्हते. तिकडून सर म्हणले, "अवो बाई, फॉन्ट न्हेला न्हाई का? मराठी अक्षरांचा साचा तुमच्या कॉम्प्युटरात नसंल, तर तो बिचारा काय दाखवील? त्याच फ्लॉपीत मावला असता की!"

मावला असता. निम्मं पोट रिकामं व्हतं माझं.

बाई परत येऊन म्हणल्या, "धुळाजी, उद्या दाखवते. नाव हाय त्यात, शप्पथ."

"उद्या पहाटं गाडी हाय, बाई." एवढंच म्हणला तो, बाईंची नजर चुकवून.

जाताना गोदीनं मला मागून घेतलं. आता मी ऊसतोडीच्या फडावर हाय, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हंजी झोपडीत, कपड्याच्या बोचक्यात. बारका रडला की गोदी मला त्याच्या हातात देती. खट्ट, खट्ट. तो हसतो. माझं आता एवढंच शिक्षण चालू हाय.

परवा गोदी पाण्याला गेलती. धुळाजीनं मला उचललं. झाकण सरकवलं आन आतली तपकिरी चकती उन्हात धरून वाकडी-तिकडी करून बघितली. लई येळ. डोळे बारीक करून. मग बोटानं स्वतःच्या मांडीवर काहीतरी गिरवलं. आधी काना, मग मात्रा. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

मी आतून वरडत व्हते, बापू, तुमचं बरोबर हाय! पण ह्या कोपीत मला कोण बोलतं करणार?

राख लई हाय हितं. धूर बी. किती दिस टिकंन, माहीत न्हाई. म्हणून हात जोडते. कुणापाशी ती मराठी अक्षरं असली तर आधी कॉम्प्युटरात ती घाला, मग मला लावा. आन धुळाजीला हाक मारा. शेवटच्या ओळीत हाय ते. काना, मात्रा, सगळं.