ग्वेनबाईंच्या झाडाखालचं बोरन्हाण

अबोलीचं पहिलं बोरन्हाण झालं ते साल २०१७. त्या हिवाळ्यात कॅनडातल्या सरे गावात बर्फ बसला तो उठायचं नावच घेईना. तिचा बाबा जयदीप सकाळी फावड्याने ड्राइव्हवे मोकळा करायचा आणि संध्याकाळी कंबर धरून बसायचा.

त्याची आई प्रमिलाबाई मात्र रोज त्या बर्फातून कुंपणापलीकडे ग्वेनबाईंकडे जायच्या. ग्वेनबाईंची सफरचंदाची जुनी बाग होती. चहूकडे घरं उठली तरी त्यांनी ती विकली नव्हती. प्रमिलाबाई कॅनडात नव्या आल्या, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तेव्हा ह्याच बाईंनी त्यांच्या हातात कातर देऊन झाडं छाटायला शिकवलं होतं. आता ग्वेनबाईंना कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

दर जानेवारीत त्या बागेत वॉसेल व्हायचं, म्हणजे सफरचंदाच्या झाडाची इंग्रजी पूजाच. चर्चची गाणारी मंडळी जमायची. सगळ्यांत थोराड झाडाच्या मुळाशी सफरचंदाची सायडर ओतायची, त्यात भिजवलेले टोस्ट फांद्यांवर ठेवायची आणि डबे बडवून झाडाला जागं करायची, म्हणजे फळ चांगलं धरतं. संक्रांतीच्या त्या शनिवारी सकाळीच मंडळींचा फोन आला. चढावर गाड्या घसरताहेत, येणं जमणार नाही.

“नेक्स्ट इयर करू म्हणतात,” ग्वेनबाई म्हणाल्या. “प्रमिला, माझ्याकडे नेक्स्ट इयर नाही.”

प्रमिलाबाई उठल्या. “आजच होणार. यू वेट.”

घरी सून उल्का चुरमुरे, हलवा, उसाचे करवे मांडत होती. बोरं मिळाली नव्हती, म्हणून क्रॅनबेऱ्या होत्या.

“उचल सगळं. बोरन्हाण बागेत.”

“आई! बाहेर मायनस सिक्स आहे.”

“मग स्नोसूट कशाला घेतलाय? फोटो काढायला?”

“अगं, पण येणार कोण?” जयदीपने विचारलं.

“आपल्या बायका. त्या चालत येतात, घसरायला गाडी कुठंय? फोन कर. येताना ताट आणि डाव आणा म्हणावं. स्टीलचंच हवं, वाजलं पाहिजे.”

दुपारी साड्यांवर पार्का आणि पायात बूट अशा बायका मुलांना घेऊन बागेत शिरल्या. ग्वेनबाई मागच्या ओट्यावर गोधडी पांघरून बसल्या होत्या. ताटं अशी कडाडली की वरच्या फांदीचा बर्फ थेट त्यांच्यातल्या विजयालक्ष्मीच्या डोक्यावर आला.

“काकू, झाड उठलं! आता थांबवा!” ती किंचाळली.

प्रमिलाबाईंनी मुळाशी सायडर ओतली. स्नोसूटवर हलव्याचे दागिने घातलेल्या अबोलीला उचलून तिच्या हाताने फांदीत टोस्ट ठेवायचा होता. तिने आधी तो चाटला, मग ठेवला. मग तिच्या डोक्यावरून क्रॅनबेऱ्या, चुरमुरे ओतले. बायकांनी भरात झाडावरही उधळले. मुलं तुटून पडली. एकाने टोस्टसुद्धा ओढला.

“नो, नो!” ग्वेनबाई ओरडल्या. “ते रॉबिन पक्ष्यांचं! झाडाला दिलेलं कोणी नेत नाही!”

सगळे हात थांबले. “बट आजी सेड वी कॅन टेक इट!” टोस्टवाला पोरगा प्रमिलाबाईंकडे बोट दाखवत रडकुंडीला आला.

प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला. बोरन्हाणात सांडलेलं मुलांनीच लुटायचं, हे इतकं अंगात मुरलेलं की इथे वेगळं असेल हे मनातच आलं नव्हतं. बाईंचं शेवटचं वॉसेल, आणि आपणच ते नासवलं. तरी त्या मागे सरल्या नाहीत. ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

“ग्वेन, आमच्यात मुलांनीच न्यायचं असतं. नेलं की बाळाला बाधत नाही. मुलं हॅपी, बाळ हॅपी. झाड पण.”

ग्वेनबाई बर्फात खोळंबलेल्या पोरांकडे बघत राहिल्या. मग हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.

“ऑलराइट. ह्या वर्षी रॉबिन हेच. लेट देम ईट.”

पोरांनी झाडाखालचा बर्फ उकरून काढला. वॉसेलचं गाणं कोणालाच येत नव्हतं. ते ग्वेनबाईंनी एकटीने फाटक्या आवाजात म्हटलं, सगळी कडवी, आणि बायकांनी ताटांवर ठेका धरला.

ग्वेनबाई त्याच वर्षी, अकरा मार्च २०१७ला, शनिवारी सकाळी आपल्या घरी वारल्या.