फाटकाची दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मुठीत जेमतेम मावेन एवढा माझा आकार. कुंडल गावात सयाजी हवालदाराच्या घरी राहतो. तुम्ही म्हणाल, कुलपाला काय मेलं सांगायचं असणार. पण आहे सांगायचं, आणि ते ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं वाटणार नाही, हे आधीच बोलून ठेवतो.

सांगलीच्या पेठेत जिनदत्त शेटजींचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, तिथं मी टांगलेला होतो. माझा धनी सयाजी सुट्टी संपवून पलटणीत परत निघाला होता आणि त्याला काळ्या पत्र्याच्या ट्रंकेसाठी कुलूप हवं होतं. शेटजींनी मला दणकन फळीवर आपटून दाखवलं.

"हे न्या सयाजीराव. किल्लीबिगर हे कुणाचंबी ऐकत न्हाई."

त्या एका वाक्यानं मी फुगलो. पुढं कित्येक वर्षं त्यावरच जगलो. माझ्याबरोबर दोन किल्ल्या आल्या. आमच्याकडचे गडी कमरेला काळा दोरा बांधतात, त्याला करगोटा म्हणतात. सयाजीनं दोन्ही किल्ल्या त्या करगोट्याला बांधल्या. आंघोळीलासुद्धा त्या सुटायच्या नाहीत.

जम्मूला गेलो, आसामात गेलो. आत शेंगदाण्याची चटणी, घरची पत्रं, इस्त्रीचे कपडे, आणि बाहेर मी. बराकीत एकदा चोरांनी चार ट्रंका फोडल्या, माझी तेवढी राहिली. सगळी पलटण मला हात लावून बघून गेली.

मग आफ्रिकेतल्या एका देशात जायचा हुकूम आला. देशोदेशींची मिळून एक मोठी संस्था आहे. जिथं माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, तिथं शांतता राखायला ती निळ्या टोप्यांचे सैनिक पाठवते. सयाजीच्या डोक्यावरही निळी टोपी आली. छावणीच्या फाटकाचं कुलूप धुळीनं बिघडलं होतं, तेव्हा सयाजीनं मला पुढं केलं. एक किल्ली त्यानं छावणीच्या मोठ्या साहेबांना दिली. दुसरीचं कुणी विचारलं नाही, ती करगोट्यालाच राहिली.

फाटकाशी एक बाई केळी विकायला बसायची, पाठीला पोर बांधून. सयाजीनं तिला "राम राम" म्हणायला शिकवलं होतं. रोज सकाळी ती हसत म्हणायची, "राम राम, सयाजी." आमच्या भाषेतलं तिला तेवढंच येत होतं.

एके दिवशी दुपारी गावातून धूर निघाला. शे-दोनशे माणसं पळत फाटकाशी आली. साहेब लांबच्या चौकीवर गेले होते, फाटक सयाजीच्या ताब्यात होतं. त्यानं वायरलेसवर विचारलं. उत्तर आलं, थांबा, वरून परवानगी आल्याशिवाय बाहेरच्या कुणालाही आत घेऊ नका. नियमच तसा होता. एका बाजूच्या लोकांना आसरा दिला तर दुसरी बाजू म्हणणार तुम्ही त्यांना सामील आहात, म्हणून वरच्यांना विचारायचं. वरचे त्यांच्या वरच्यांना विचारणार. शेवटी समुद्रापलीकडं मोठ्या देशांची बैठक बसणार, आणि तिथं एकानं जरी नको म्हटलं की बाकीच्यांचा होकार फुकट जाणार. त्या दिवशी बैठकीत एका देशाचा माणूस सारखा म्हणत राहिला, आधी नीट माहिती येऊ द्या.

इकडं लोक फाटक हलवत होते. खरं सांगू? मी ताठ राहिलो आणि मनातून खूशही झालो, की इतकी माणसं लागूनही आपण हललो नाही. आज ते आठवलं की मला स्वतःची किळस येते.

ती बाई पुढं आली आणि मला दोन्ही हातांनी धरून राहिली. ओरडली नाही. "राम राम, सयाजी. राम राम," एवढंच म्हणत राहिली. सयाजीचा हात दोनदा कमरेकडं गेला आणि दोनदा परत आला. मग गोळ्यांचा आवाज जवळ आला आणि सगळे नदीकडं पळाले. परवानगी दिवस मावळताना आली. साहेबही तेव्हाच परतले. त्यांनी मला उघडलं तेव्हा आत यायला कुणी उरलं नव्हतं. नदीकाठी एकोणचाळीस माणसं मारली गेली. त्यांत ती होती. पोराचं काय झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

चौकशी झाली. सयाजी म्हणाला, "किल्ली साहेबांकडं होती." अहवालात लिहिलं गेलं की परवानगीला उशीर झाला खरा, पण ती वेळेवर आली असती तरी किल्लीअभावी फाटक उघडलं नसतं. मग संस्थेनं सुधारणा केली. प्रत्येक फाटकाला तीन किल्ल्या, एक कायम पहारेकऱ्याच्या खिशात. परवानगीचा नियम मात्र होता तिथंच राहिला. दुसरी किल्ली आहे हे सयाजीला माहीत होतं आणि मला. दोघंही गप्प बसलो.

सयाजी निवृत्त होऊन गावी आला. गावानं सत्कार केला, शाळेत त्याचा फोटो लागला. मला त्यानं उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत टाकून दिलं. मी गंजलो, आणि तक्रार करायला मला तोंड नव्हतं. करगोटे बदलले, किल्ली कमरेलाच राहिली. त्याची बायको संयोगिता विचारायची, "आवं, कुलूप कवाच गंजलं. ती किल्ली कशाला वागवताय?" तो म्हणायचा, "आसू दे."

यंदा त्याची मुलगी क्रांती सांगलीहून आली. ती वकिली शिकते. निळ्या टोप्यांची ती संस्था आपले नियम नव्यानं करायला बसली होती आणि संस्थेनं सयाजीसारख्या जुन्या सैनिकांना पत्र पाठवून विचारलं होतं, फाटकं वेळेवर उघडावीत म्हणून काय करावं?

"अण्णा, तीन किल्ल्यांचा नियम तुमच्यामुळंच झाला," क्रांती कौतुकानं म्हणाली. "तेच लिहू या."

सयाजी उठला, मोटारीच्या खोलीतून मला घेऊन आला. माझ्यात तेल सोडलं, कमरेची किल्ली काढून फिरवली. मी कुरकुरत उघडलो.

"ही किल्ली त्या दिवशी माज्या कमरंला हुती," तो म्हणाला.

क्रांतीनं मला हातात घेतलं. "मग उघडलं का न्हाई?"

"हुकूम नव्हता."

"आणि नंतर सांगितलं का न्हाई?"

"भ्यालो."

संयोगिता दारातच थबकली होती. "आता लिहिलं तर गाव काय म्हणंल? शाळंत फोटो हाय तुमचा."

"उतरवतील. आजबी कुठंतरी एक गडी फाटकावर हुबा आसंल. किल्ली खिशात आणि हात बांधल्यालं. माज्या खोट्यापायी. लिही पोरी."

क्रांतीनं सयाजीच्या वतीनं लिहिलं: किल्ली माझ्याकडं होती. किल्ल्या वाढवून उपयोग नाही. दाराशी माणूस मरायला टेकला असेल तर उघडायची मुभा दारावरच्या शिपायाला द्या आणि जाब नंतर विचारा. लांब बसून नको म्हणणाऱ्यालाही जाब विचारा. खाली सयाजीनं स्वतः सही केली.

उत्तर अजून आलेलं नाही. शाळेतला फोटो सयाजी स्वतःच काढून घेऊन आला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी फाटकावर उभं राहील, कुणी दूरच्या बैठकीत बसून नियम करील. तेव्हा माझी एवढी विनवणी लक्षात ठेवा. ज्याला रडणं ऐकू येतं, त्याचे हात बांधू नका. आणि चूक झाली तर ती आहे तशी सांगा, नाहीतर लोक भलतीच गोष्ट दुरुस्त करत बसतात.

आता मी दाराजवळच्या खिळ्याला उघडाच टांगलेला असतो. परवा ऊसतोडीचा एक माणूस पाणी मागायला आला आणि अंगणातून म्हणाला, "राम राम, हवालदार." सयाजी धडपडत उठला. दार सताड उघडं होतं, तरी तो ते उघडायला धावला.