चुकीच्या झाकणाचा प्रयोग

मंगळवारी संध्याकाळी पावणेसात वाजता डेन्झिल ट्रेगेन्झाने पिवळ्या झाकणाचा कचराडबा फाटकाबाहेर आणून ठेवला. नगरपालिका एका आठवड्यात पिवळ्या झाकणाचे डबे रिकामे करते, दुसऱ्या आठवड्यात हिरव्या; त्या आठवड्यात पाळी हिरव्याची होती. ते त्याला ठाऊक होतं. तो प्रयोग होता.

दोन वर्षांपूर्वी, मुंटा गावातल्या याच घरात, सगळी गल्ली आपल्यावर पाळत ठेवते असं त्याला वाटायला लागलं. आजार तिथून सुरू झाला. चार महिने इस्पितळ, मग गोळ्या, आणि दर गुरुवारी समुपदेशक नायरीबरोबर बोलणं. वहीत लिहायचं: मनात काय आलं, खात्री किती टक्के, पुरावा काय. पाळतीची खात्री नव्वदवरून दहावर उतरली होती. या गुरुवारी नायरी तो कामाला योग्य असल्याचं पत्र देणार होती. ते मिळालं की सोमवारपासून तो बेकरीच्या भट्टीवर परत.

पण गेले तीन मंगळवार तो डबा बाहेर काढायला लागला की समोरचे पडदे हलत. खात्री चाळीसवर चढली. घाबरण्याऐवजी तपासून बघ, असं नायरीनेच शिकवलं होतं.

सव्वासातला गल्लीत त्याच्या डब्याखेरीज आणखी अकरा पिवळे डबे उभे होते.  भीती वाढली की पाय घट्ट टेकवून दिसतील त्या पाच वस्तू मोजायच्या. त्याने मोजल्या. पाचही डबेच निघाले.

तो समोरच्या म्हाताऱ्या ग्लेनिस पास्कोकडे गेला. "ग्लेनिस, खरं सांग. माझ्यावर नजर ठेवतेस?"

"मग कुणावर ठेवू? नगरपालिकेचं वेळापत्रक सगळ्यांनी हरवलंय. तुझा डबा तेवढा कधी चुकत नाही. तू इस्पितळात होतास तेव्हा चार महिने गल्लीला वास मारत होता."

"आज हिरव्याची पाळी आहे."

ग्लेनिसने आपला डबा आत ओढायला घेतला. "मेल्या, आता डबे बदलायला अकरा घरांना पुन्हा बाहेर काढ."

डेन्झिलने वहीत लिहिलं: गल्ली माझ्यावर नजर ठेवते. खात्री शंभर टक्के. पुरावा, अकरा डबे.

"हे वाचून पत्र देईल का कुणी?" तो म्हणाला.

"मग फाड ते पान."

"लपवायचं नाही असं ठरलंय आमचं."

"तर मी येते साक्षीला."

"साक्षीदार आहेत असं मी मागच्या वेळीही सांगत होतो."

गुरुवारी अकराला नायरीने ते पान दोनदा वाचलं. पत्र समोर होतं, सही व्हायची होती. तिने डेन्झिलला बाहेर बाकावर बसवलं आणि ग्लेनिसला आत घेतलं.

पावणेबारापर्यंत दार उघडलं नव्हतं. ग्लेनिसचा आवाज तेवढा बाहेर ऐकू येत होता. ती अजून त्या चार महिन्यांच्या वासापर्यंतच पोचली होती.