मंगळवारचा प्रवासी

"हो, रविवारपासून विमान बंद," ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि पलीकडून काही उत्तर येईल म्हणून यादीतल्या नावापुढे पेन्सिलीनं टिंबं काढत राहिली.

पलीकडे डोंगरातल्या गावच्या दवाखान्यातली नर्स होती. दर पंधरवड्याला ती शहरात येऊन लसींची थंड पेटी घेऊन परत जात असे.

"मग लसी कशा न्यायच्या मी? बसला चौदा तास लागतात. पेटीतल्या बर्फाचं पाणी होतं तोवर."

"कंपनीनं खूप प्रयत्न केले, पण..."

"केले असतील हो," नर्स म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "ठेवते. बाहेर पेशंट बसलेत."

तिनं फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर कंपनीचा नवा नकाशा कालच लागला होता. तीन विमानं आणि चार मार्ग. पाचवा, डोंगराकडे जाणारा, नकाशावर नव्हता. तो पुसण्याचा प्रस्ताव तिचाच होता. मार्गांचं नियोजन तिच्याकडे होतं, आणि नऊ वर्षांपूर्वी हाच मार्ग तिनं हट्टानं सुरू करवून घेतला होता. तेव्हा सगळे हसले होते. डोंगराचा माथा सपाट करून केलेली ती एवढीशी धावपट्टी, वर धुकं, आणि विमान एकोणीस जणांचं. "मॅडम माहेरी जायला विमान काढतायत," असा विनोदही झाला होता. गाव तिचंच होतं.

पण आता इंधन महागलं होतं आणि बंदराच्या शहरानं रोजच्या दोन फेऱ्यांची हमी दिली होती. डोंगरावरचं विमान तिकडे वळवलं तर कंपनी पुढच्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. नाही वळवलं तर तिन्ही विमानं जमिनीवर बसणार होती, आणि त्यांच्याबरोबर एकशे चाळीस माणसं. तिनं मन घट्ट करून तसं लिहून दिलं. साहेबांनी सही केली आणि एवढंच सांगितलं, "नुसती पत्रं पाठवून हात झटकू नका. जे सारखे येतात त्यांना तुम्ही स्वतः फोन करा."

आरक्षण विभागानं गेल्या सहा महिन्यांतल्या अशा लोकांची नावं काढून दिली होती. सात होती. औषधविक्रेता झाला, लाकडाचा व्यापारी झाला, नर्स झाली. चौथं नाव तिनं फोन फिरवायच्या तयारीत वाचलं आणि तिचा हात थांबला.

बाबांचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: दर मंगळवार, येणं साडेअकरा, जाणं दोन. बावीस फेऱ्या.

आज मंगळवार होता.

विमानतळाची इमारत ऑफिससमोरच, रस्ता ओलांडला की. ती यादी हातात घेऊनच निघाली. खाली प्रतीक्षागृहात बाबा नव्हते. वरच्या मजल्यावर चहा-कॉफीचं छोटं दुकान होतं. तिथे खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पिशवी ठेवून ते बसले होते. स्वेटरला कोपराशी ठिगळ. आई असती तर हा स्वेटर तिनं घराबाहेर जाऊ दिला नसता.

"बाबा."

त्यांनी दचकून पाहिलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा.

"तू? आज ऑफिस नाही?"

"तुम्ही इथं काय करताय?"

"विमानाची वाट बघतोय. दोनचं आहे."

"बाबा, बावीस मंगळवार!"

"तेवीस," ते म्हणाले. "आजचा धरून." मग खुर्ची सरकवत त्यांनी तिला समोर बसवलं. तिची पाठ खिडकीकडे आली. "बस. चहा घेशील?"

"सगळी पेन्शन उडवताय तुम्ही."

"उडवतोच आहे. तीही विमानानं."

तिला हसू येता येता राहिलं. "पण कशासाठी?"

बाबांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"गावात लोक बोलायला लागले. विमान रिकामं जातं, आज ना उद्या बंद पडणार. म्हटलं, लेकीनं आणलेलं विमान, त्यात घरचं एक तरी माणूस बसायला हवं."

हातातल्या यादीची घडी घालून तिनं ती टेबलावर उपडी ठेवली. सकाळपासून तीन जणांना सांगितलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, पण बाहेर यायला वेळ लागला.

"बाबा, रविवारपासून बंद होतंय ते. मीच लिहून दिलं."

ते बोटानं टेबलावर आकडे गिरवल्यासारखं करत राहिले.

"मंगळवारी सरासरी किती माणसं?"

"सात."

"एकोणिसात सात." मग बोट थांबवून म्हणाले, "सातात मला धरलंय?"

"धरलंय."

"मग सहाच." त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तुझं उत्तर. पैकीच्या पैकी."

"बाबा, असं नका ना बोलू."

"अगं, खरंच सांगतोय. मीही हेच लिहिलं असतं."

तिला रडू आवरेना, म्हणून ती रागावली. "मला फोन तरी करायचात! पाच मिनिटांवर बसते मी. तेवीस वेळा येता आणि..."

"केला होता की. पहिल्या खेपेला."

तेव्हा तिला आठवलं. बँकेच्या लोकांबरोबर बैठक चालू होती. बाबा म्हणाले होते, जरा वेळ आहे का. ती दाराबाहेर येऊन कुजबुजली होती, आत्ता नाही बाबा, संध्याकाळी बोलते मी. त्यांनी घरूनच फोन केलाय असं ती धरून चालली होती. संध्याकाळी बोलायचं राहून गेलं.

"तू कामात होतीस," बाबा म्हणाले. त्यात तक्रारीचा सूरही नव्हता. तो असता तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"आता मीच येत जाईन. महिन्यातून एकदा. बसनं."

"चौदा तास? कंबरेचं दुखणं आहे तुला."

"येईन."

"ये," ते म्हणाले. उद्या नक्की गृहपाठ करून आणतो म्हणणाऱ्या मुलाला ते जसे बरं म्हणत, तसंच. त्यांचे गुडघे बसचा प्रवास झेपणारे नव्हते, तिचे महिने कसे जातात हेही दोघांना ठाऊक होतं.

दोनच्या विमानाची घोषणा झाली. जिन्यावर बाबा एकेक पायरी कठड्याला धरून उतरले, पिशवी तिनं घेतली. फाटकाशी तिला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्यांच्या घरात कुणी कुणाला तशी मिठी मारत नसे. ती पिशवीचा बंद सारखा करत राहिली.

"वेळेवर जेवत जा," बाबा म्हणाले आणि ओळीत जाऊन उभे राहिले. ओळ कसली, आठ माणसं.

यादी वर टेबलावरच राहिली होती. ती परत जिना चढली. दुकानवाली बाई टेबल पुसत होती. तिनं यादी बाजूला काढून ठेवली होती.

"बरं झालं, आज आजोबांना बोलायला कुणीतरी मिळालं," बाई म्हणाली. "एरवी एकटेच असतात. एक चहा, आणि ही खिडकी."

"विमानं बघत असतील."

"विमानं त्या बाजूला उतरतात हो. इथून फक्त समोरचं ऑफिस दिसतं." बाईनं फडक्यानंच दाखवलं. "दुपारी तिथली माणसं बाहेर येतात, त्या टपरीवर चहा प्यायला. त्यात एक बाई असते, तिला बघायचे. मी एकदा विचारलं, कोण आहे हो? म्हणाले, नात्यातली आहे, फार कामात असते. मग मला सांगायचे, आज दोनदा हसली. आज चहा अर्धाच टाकून गेली. एकदा तर मुसळधार पाऊस, कुणी बाहेरच आलं नाही. तेव्हा फार हिरमुसले."

ती खिडकीकडे वळली. खाली रस्त्यापलीकडे टपरीपाशी तिच्या ऑफिसातले तिघे उभे होते. आरक्षणवाला हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होता. कुणाचंही लक्ष वर नव्हतं. नऊ वर्षं रोज ती तिथेच उभी राहिली होती आणि या खिडकीकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"आज दिसत नाही ती," बाई काचेला नाक लावून म्हणाली. "पण आज आजोबांनी बाहेर बघितलंसुद्धा नाही."

धावपट्टीच्या बाजूनं इंजिनाचा आवाज चढत गेला. काचा थरथरल्या आणि शांत झाल्या. बाईनं बाबांची कपबशी उचलली, खुर्ची पुन्हा खिडकीकडे तोंड करून नीट लावली.

"हल्ली मंगळवारी गर्दी असते इथं. मी ही जागा राखून ठेवते त्यांच्यासाठी. तुमची ओळख आहे, तर सांगा त्यांना, पुढच्या मंगळवारीही ठेवीन म्हणून."

यादीतली आणखी तीन नावं उरली होती. तिनं ती घडी उलगडली, पुन्हा मिटली.

"सांगते," ती म्हणाली.