शकुंतलाबाईचं सूप

अख्खं गाव चावडीसमोर लोटलं होतं, कारण मुन्नालाल महाराजांचं सूप आज पुन्हा बोलणार होतं. सालेकसा तालुक्यातल्या त्या गावाला त्याने पार येडं केलं होतं. संशयित बाईच्याच घरचं सूप आणायचं, त्याच्या कडेत कात्री खोचायची, कात्रीच्या कड्या दोन पोरांनी एकेका बोटावर तोलायच्या आणि महाराजांनी नावं घ्यायची. ज्या नावाला सूप फिरेल, ती टोणा करणारी. मागच्या खेपेला ते शकुंतलाबाईच्या नावावर फिरलं. तेव्हापासून तिला कोणी धानाच्या रोवणीला बोलावलं नाही, की हापशीवर तिच्याशेजारी कोणी भांडं टेकवलं नाही.

तिची लेक हर्षा गोंदियाला बी.ए.ला मानसशास्त्र शिकत होती. मायची दशा पाहून ती रडली नाही. या माणसाला याच चावडीवर मातीत लोळवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

मनातली अपेक्षा नकळत हात हलवते, हे तिने पूर्वी परीक्षेपुरतं घोकलं होतं. मग रीना मॅडमनी पुस्तकं मिटायला लावून वर्गाला दोऱ्याला बांधलेली किल्ली धरायला लावली. मुळीच हलवायची नाही असं ठरवूनही हर्षाची किल्ली मनातल्या दिशेलाच झुलली. पुस्तकाने जे कधी पटवलं नव्हतं, ते तिच्या स्वतःच्या बोटाने पटवलं. सूप कसं फिरलं, हे तिला त्याच दिवशी कळलं.

आज तिने हात जोडून महाराजांना विनंती केली, की मायचं नाव पुन्हा एकदा पारखा, पण सूप धरणाऱ्या प्रफुल आणि रोशनचे डोळे बांधू, एका कानात इयरफोनवर भजन लावू, दुसऱ्यात कापूस घालू. देवीला काही पोरांचे कान लागत नाहीत. लोकांनी माना डोलावल्या, तसे महाराज फुगले.

"सूप में देवी बैठी है, बेटी. बांध, जो बांधना है."

महाराजांनी शकुंतलाबाईचं नाव घेतलं. सूप ढिम्म. आवाज चढवला, तरी ढिम्म. देवी रुसली, असं पुटपुटत त्यांनी घाम पुसला.

"रुसली नाही, महाराज. तिले दुसरं नाव पायजे असन," हर्षा म्हणाली. तिने मोबाइलवरचं भजन थांबवून आपल्या आवाजात भरलेलं 'शकुंतलाबाई' लावलं. ते फक्त पोरांना ऐकू गेलं. चावडीला मात्र तिने मोठ्याने ऐकवलं, "मुन्नालाल."

सूप गर्रकन फिरलं.

गर्दीचे डोळे महाराजांवर वळले. गर्दीतल्या बकारामने काठी उचलली. महाराज भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकले आणि मैं टोना नहीं करता, असं रडकुंडीला येऊन सांगू लागले. हर्षाने त्यांना मनसोक्त थरथरू दिलं. तिला फार गोड वाटलं.

"मायनं बी हेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "तवा कोण आयकलं?"

मग ती काठीच्या आड उभी राहिली आणि पोरांच्या कानातलं नाव तिने सगळ्यांना ऐकवलं.

"मी हलवून नाही राहिलो होतो," प्रफुल शपथेवर म्हणाला.

"तू खोटा नाहीस. नाव तुया मनात होतं, बोटानं ते पाळलं. सूप फिरलं म्हून हा टोणेवाला ठरत नाही, आन मायी माय बी ठरत नव्हती. काठी ठेवा. कायदा हाय त्याच्यासाठी."

पोलीस पाटलाने तिच्यासमोरच ठाण्यात फोन लावला. महाराजांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

रोवणीच्या बायांमधली दुर्पता खाली मान घालून पुढे आली आणि शकुंतलाबाईला उद्या रोवणीला ये म्हणाली. शकुंतलाबाईने सुपातली कात्री काढली आणि ती तिच्या हातात दिली.

"आधी कान बांधून स्वतः सूप धरून पाय, बाई," ती म्हणाली. "मंग मले बोलाव."