आईच्या कानाशी ठेवलेला स्पीकर

अॅम्प्लिफायर दाराबाहेर दिसला आणि धाकटीचं डोकं फिरलं. जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवला होता, त्याच्याच वायरी त्याला करकचून गुंडाळलेल्या. शेजारी नव्या टीव्हीची रिकामी खोकी. वर स्पीकरांची उतरंड रचलेली.

ती आत शिरली. बैठकीच्या खोलीत अर्धी भिंत व्यापणारा टीव्ही लागला होता. त्याच्याखाली लांबट काळी पट्टी होती, साउंडबार नावाचा नवा स्पीकर. टीव्ही बसवायला आलेला मेकॅनिक गुडघ्यांवर बसून जुन्या वायरींचं भिंतीतलं भोक लांबी भरून बुजवत होता. बाबा पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते आणि खूश होते. त्यांच्या नजरेचा मधला भाग धूसर होत चालला होता. मोठा, उजळ पडदा घ्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं आणि मोठ्या मुलाने तो परगावाहून पाठवला होता.

"ये, ये. बघ तरी," बाबा म्हणाले. "या बाईच्या कानातलं दिसतंय मला. खडा निळा आहे."

आई मागे तिच्या खुर्चीत बसली होती. तोंड गच्च मिटलेलं. घरात याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

"ते बाहेर कोणी ठेवलं?" धाकटीने विचारलं.

"जुनं सामान? संध्याकाळी भंगारवाला नेईल," मेकॅनिक वळून न बघता म्हणाला. "नव्या टीव्हीला ते चालत नाही, मॅडम. सपोर्टच नाही त्याला."

जुनं सामान म्हणजे बाबांनी स्वतः जोडलेलं होम थिएटर. अशा जोडणीत पात्रांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. संगीत, गाड्या, पाऊस, मारामारी बाकीच्यांतून. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवायचा असतो. बाबांनी तो एका स्टुलावर, आईच्या डाव्या कानाशी ठेवला होता. तिचा उजवा कान गेला होता आणि डावा जेमतेम काम करत होता. बाबांनी अॅम्प्लिफायरमध्ये फक्त त्या एका स्पीकरचा आवाज वाढवून ठेवला होता, त्यामुळे तिला शब्द कळायचे आणि इतरांचे कान किटायचे नाहीत. घरी येणारा प्रत्येक शहाणा हा स्पीकर चुकीच्या जागी असल्याचं सांगून जायचा. "स्पीकर बरोबर आहे, टीव्ही चुकीच्या जागी आहे," असं बाबा त्याला ऐकवायचे. रोज संध्याकाळी दोघं मिळून एक सिनेमा बघायची. दिवसभरात ती न भांडता एकत्र बसायची ती तेवढीच वेळ.

"आई, ऐकू येतंय का?" धाकटी डाव्या बाजूला जाऊन ओरडली.

"ढोल येतोय," आई म्हणाली. "माणसं नुसती जबडे हलवतायत. गुरं रवंथ करतात तशी."

"आजी, सवय होईल हळूहळू," मेकॅनिक म्हणाला.

"काय म्हणतो हा?"

"सवय होईल म्हणतोय!"

"कशाची? बहिरेपणाची?"

धाकटीने बाहेरून अॅम्प्लिफायर उचलून आणला आणि मेकॅनिकच्या पुढ्यात ठेवला. "चालत नाही म्हणजे काय, ते दाखवा."

त्याने सुस्कारा टाकून बुजवलेलं भोक मोकळं केलं. सिनेमा देणाऱ्या छोट्या डब्याची वायर अॅम्प्लिफायरमध्ये घातली आणि अॅम्प्लिफायरची टीव्हीत. पडदा काळा ठिक्कर. "बघा. हे मशीन जुनं आहे. आताचं चित्र फार भारी येतं, याच्यातून ते पुढे जातच नाही. चित्राचा दर्जा उतरवला तर जाईल, पण मग एवढ्या टीव्हीचा उपयोग काय? आजोबांना पुन्हा धूसरच दिसणार."

"खरं आहे त्याचं," बाबा हळूच म्हणाले. घरातल्या प्रत्येक यंत्राची वायर आधी अॅम्प्लिफायरमध्ये जाईल आणि तिथून टीव्हीत, हा नियम त्यांचाच होता. मुलांनी एखादी वायर परस्पर टीव्हीत खुपसली की ते खवळायचे. त्या नियमानेच आता निकाल दिला होता. त्यांना दिसायला हवं तर आईला ऐकू येणार नाही.

आईला शब्द कळले नव्हते, पण काळा पडदा आणि नवऱ्याची खाली झुकलेली मान कळली. "तुम्ही इथे बसून होतात," ती म्हणाली. "माझ्या कानाजवळून स्पीकर उचलून नेला तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"मला दिसलं नाही गं."

"बाईच्या कानातलं दिसलं! निळा खडा दिसला! बायकोच्या कानाचं काय चाललंय ते नाही दिसलं!"

धाकटीने भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बसला टीव्ही?" मोठ्याने विचारलं. "कसा वाटतोय बाबांना?"

"दादा, अॅम्प फेकायला कोणी सांगितलं?"

"अगं, ते चालतच नाही. विचार त्याला. जग कुठे गेलं! सगळं आता एका रिमोटवर—"

"साहेब," मेकॅनिक मध्येच बोलला. लांबीने बरबटलेला हात त्याने फडक्याला पुसला. "माझ्यावर ढकलू नका. कालच सांगितलं होतं मी, चित्र सरळ टीव्हीत देऊ आणि आवाज तेवढा वेगळ्या वायरने अॅम्पला परत देऊ. असं करता येतं म्हणून. तुम्हीच म्हणालात, घरी बोलू नका, चालत नाही एवढंच सांगा."

धाकटीने फोन तोंडाजवळ धरला.

"दादा?"

"हो, म्हणालो!" मोठा उसळला. "दर रविवारी फोन कोणाला येतो? तुला? आवाज येत नाही, लाल दिवा लागलाय, कुठलं बटण दाबू. तासन् तास! बाबांना बटणं दिसत नाहीत, आईला मी काय सांगतो ते ऐकू येत नाही. माझी बायको, माझी पोरं ताटकळत बसलेली असतात. वैतागलो मी. एक पट्टी, एक रिमोट, विषय संपला, एवढंच हवं होतं मला."

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"काही नाही."

"एवढा ओरडतोय तो, म्हणजे काहीतरी आहे. सांग."

धाकटीने सांगितलं. सांगायचं म्हणजे ओरडावं लागलं. "तुमच्या रविवारच्या फोनला वैतागलोय म्हणतोय! म्हणून खोटं सांगायला लावलं!" समोरच्या घराचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

आई फोनकडे वळली. मग म्हणाली, "वैतागला होतास तर तसं सांगायचं होतंस. फोन बंद केले असते. माझे कान का बंद केलेस?"

"आई, तसं नाही गं..." मोठा म्हणाला. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही आणि या वेळी धाकटीने ते ओरडून सांगितलं नाही.

मेकॅनिकने छोट्या डब्याची वायर थेट टीव्हीत घातली. चित्र लखलखीत आलं. मग पिशवीतून एक बारीक वायर काढून ती टीव्हीच्या पाठीतून अॅम्प्लिफायरपर्यंत नेली, स्पीकर जोडले, स्टूल आईच्या डाव्या बाजूला ठेवलं. आवाज आला, पण कडेच्या दोनच स्पीकरमधून. मधला मुका.

"आता काय?" धाकटी खेकसली.

"टीव्ही आवाज दोनच स्पीकरांपुरता पाठवतोय. थांबा, ओरडू नका." त्याने टीव्हीची आवाजाची यादी उघडली, खाली खाली गेला, एक पर्याय बदलला.

पडद्यावर एक म्हातारा दारात उभा राहून कोणाला तरी आत बोलावत होता. आईची मान स्पीकरकडे कलली. तिने डोळे मिटले. "'चपला बाहेर काढ' म्हणाला," ती म्हणाली. बाबांनी खुर्ची मागे सरकवून तिच्याजवळ आणली. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण खुर्ची लांब सरकवायलाही सांगितलं नाही.

"लागलं का?" फोनमधून मोठ्याने विचारलं. "आई, ऐक ना. पुढच्या रविवारी मीच फोन करतो. आई?"

"तो बोलतोय," धाकटी तिच्या कानाशी ओरडली. "फोन देऊ?"

"मला सिनेमा ऐकायचाय," आई म्हणाली आणि रिमोट उचलून आवाज वाढवला.