सायरासाठी सुचवलेली घसरगुंडी

आमच्या डेअरीत दह्याचे भरलेले क्रेट थंड खोलीपर्यंत उचलून न्यायचं काम सायराबानूचं. ती पणदऱ्याची, मी निमगाव केतकीची. मी शेजारच्या टेबलावर डब्यांना झाकणं लावते. सायराची कंबर पार गेली होती, पण तिच्या पगारावर पोरीचं, हीनाचं, नर्सिंगचं शिक्षण चाललेलं. म्हणून बया उचलायची.

एचआरचे अविराज साहेब नवीन आले. मीटिंग घेऊन म्हणाले, कामात सुधारणा सुचवा, चुकलं तरी कुणी रागावणार न्हाय, अन् सुधारणेपायी कुणाचं काम जाणार न्हाय. माणूस गोड बोलायचा. खोटं कशाला सांगू, मला भरवसा वाटला.

मी सुचवलं, टेबलापासनं थंड खोलीपर्यंत उतरता पत्रा लावा, पोरांच्या घसरगुंडीवानी. क्रेट आपला जाईल सरकत. सायराला बसवा माझ्याशेजारी झाकणं लावायला. साहेबांना लई पटलं. पत्रा बसला. कँटीनमधी शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. सगळ्यात जास्त टाळ्या सायरानं वाजवल्या. माझी मैतरीण हाय, म्हणून साऱ्यांना सांगत सुटली.

महिना भरायच्या आत तिच्या ठेकेदारानं तिला सांगितलं, उद्यापासनं येऊ नको.

माझं डोकंच फिरलं. तशीच साहेबांच्या केबिनमधी शिरले अन् त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. ते खाली बघत म्हणाले, शब्द कंपनीच्या माणसांना दिलेला, सायराबानू ठेकेदाराची. झाकणाच्या टेबलावर जागा न्हाय. मग तो पत्रा उपटून टाका, मी म्हणाले. मला नको ती सुधारणा अन् नको ती शाल.

"कौसल्याताई, हे सूचना म्हणून लिहून द्या. पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ."

मेल्यानं अगदी मनापासनं सांगितलं, त्याचाच जास्त राग आला.

महिन्याभरानं एका रविवारी पणदऱ्याला गेले. सायरानं चहा टाकला. हीना घरात नव्हती. कॉलेज सुटलं होतं तिचं, बारामतीत कपड्याच्या दुकानात उभी राहायला लागली होती. ते ऐकलं अन् मला रडू आवरेना. कप हातात तसाच राहिला.

सायरानं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

"माझ्या कळवळ्यानंच केलंस तू, मला ठाव हाय," ती म्हणाली. "पण एकदा मला विचारायचं होतंस गं. मी उचलत राहिले असते."